बाई, मी हाय

"दिवे!" डोरीन म्हणाली आणि मी बटणांकडे धावले.

भिंतीवरच्या स्पीकरमधून प्राचार्य हॅरल यांचा आवाज अजून येतच होता. "लॉकडाऊन. लॉकडाऊन. हा सराव नाही." एरवी दुपारच्या जेवणात पिझ्झा आहे हेसुद्धा ते न्यायाधीशाच्या आवाजात सांगायचे. आज तो आवाज पातळ झाला होता. तिसऱ्यांदा तोच शब्द म्हणताना तो मध्येच चिरकला आणि स्पीकर बंद पडला.

वर्गशिक्षिका डोरीननं दाराला आतून कुलूप घातलं, दाराच्या काचेवर काळा कागद ओढला आणि हातानंच खूण केली. दुसरीतली ती मुलं एकही शब्द न बोलता उठली आणि कपाटामागच्या कोपऱ्यात जाऊन दाटीवाटीनं बसली. काचेतून दिसणार नाही असा वर्गातला तेवढाच कोपरा होता. सात-सात वर्षांची पोरं, पण त्यांना हे येत होतं. मला येत नव्हतं. मी खोलीच्या मधोमध हातात वही घेऊन उभी होते. शेवटी मार्कस नावाच्या एका मुलानं माझा कुर्ता ओढला आणि ओठांवर बोट ठेवून मला खाली बसवलं.

डोरीन अंधारात डोकी मोजत होती. एकदा मोजून झालं, मग तिनं पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे बघितलं आणि मला तिच्या बघण्यावरूनच कळलं.

"एकोणीस," ती कुजबुजली. "इशी नाही."

इशी म्हणजे ईश्वरी घुगे. पाच मिनिटांपूर्वी ती या खोलीत होती. पाच मिनिटांपूर्वी ती माझ्यासमोर करंगळी वर करून उभी होती.

ती करंगळी मला सांगायलाच हवी. अमेरिकेत, ओहायोतल्या त्या शाळेत त्या खुणेचा अर्थ कळणारी मी एकटीच होते. शाळा चार्टर होती, म्हणजे पैसा सरकारचा आणि कारभार स्वतःचा, आपल्याकडच्या अनुदानित शाळांची लांबची चुलत बहीण म्हणा. तिथं नेपाळी, सोमाली, स्पॅनिश बोलणारी मुलं भरपूर होती, आणि त्यांना इंग्रजी येईपर्यंत वर्गात कसं सांभाळून घ्यायचं हे शिक्षकांना दाखवणं हे माझं काम. पदाचं नाव इतकं लांब होतं की ओळखपत्रावर दोन ओळी लागायच्या. मुलाच्या तोंडचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, थांबायचं, त्याला वेळ द्यायचा, हा माझा आवडता धडा. त्या दिवशी मी तोच डोरीनला करून दाखवत होते. ईश्वरीनं करंगळी दाखवली. मी हसून थांबले. तिनं पाय आवळले. मी थांबले. डोरीनही थांबली, कारण मी तिला थांबायला सांगितलं होतं. दोन मिनिटांनी पोरीनं कसंबसं, "मे आय गो… रेस्टरूम," असं म्हटलं आणि आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. ती धावत गेली. करंगळी बघितल्या बघितल्या सोडलं असतं तर स्पीकर वाजायच्या आत ती परत आली असती.

"ती बाथरूममध्ये असेल," मी म्हणाले. "आतून कडी लावून बसेल."

"तिला हे माहीत आहे? लॉकडाऊन म्हणजे काय करायचं ते?"

"माहीत आहे," मी म्हणाले.

मी हे इतक्या ठामपणे म्हटलं, कारण मी ते आधीही एकदा म्हटलं होतं. ईश्वरी ऑक्टोबरमध्ये आली, तोवर पहिला सराव होऊन गेला होता. नव्या मुलांसाठी मी धोक्याच्या शब्दांची चित्रं काढलेली कार्डं करायचे. आग, वादळ, लॉकडाऊन. शिक्षकांच्या बैठकीत डोरीननं विचारलं, "इशीसाठी करायची का?" मी सगळ्यांना हसवलं होतं. म्हटलं, "आगीची आणि वादळाची करू. लॉकडाऊनची गरज नाही. आमच्याकडे आता खेड्यातल्या म्हातारीलाही तो शब्द येतो. तेवढं एक इंग्रजी ती आपल्याआधी शिकून आली आहे."

कुठूनतरी सायरनचा आवाज आला. आधी लांबून, मग जवळून, आणि मग एकदम बंद. तो बंद झाल्यावर जास्त वाईट वाटलं. म्हणजे गाड्या इथंच कुठंतरी थांबल्या होत्या.

मला भीती वाटली. हे साधं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली आहेत म्हणून ते असंच लिहिते. मी श्रीरामपूरच्या बोरावक्यांची मुलगी, घरात कुणी पाल बघून किंचाळलं तरी हसणारी. त्या कोपऱ्यात माझे गुडघे एकमेकांवर आपटत होते. आवाज होऊ नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवले. डोक्यात बातम्यांमधली, गोळीबार झालेल्या शाळांची चित्रं येत होती. शाळेच्या कुंपणाला लावलेली फुलं, टेडी, मेणबत्त्या. माझा फोटो त्यात कसा दिसेल, कुठला लावतील, असंही मनात आलं. माणूस काय काय विचार करतो त्याला सुमार नाही.

एका मुलीला हुंदका आला. डोरीननं तिचं तोंड स्वतःच्या स्वेटरमध्ये लपवलं. डोरीन पन्नाशीची, जाडजूड, गुडघेदुखीनं बेजार झालेली बाई. त्या गुडघ्यांवर ती तशीच उकिडवी बसून राहिली होती.

"नियम लक्षात आहे ना?" ती माझ्या कानाशी म्हणाली. "दार आपण उघडायचं नाही. कुणीही आलं तरी. हॅरल स्वतः किल्लीनं उघडतील."

"लक्षात आहे."

"लहान मूल असलं तरी नाही. पोलीस सांगतात, मुलाला पुढं करून कुणी मागे उभं असू शकतं."

"लक्षात आहे, डोरीन."

मग बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली.

पावलं हलकी होती, धावती. ती थांबली, पुन्हा धावली, आणि आमच्या दाराशी येऊन थांबली. कुणीतरी दाराची मूठ फिरवून बघितली. मूठ अर्धी फिरून अडकली. मग दारावर थाप पडली. बोटांची टकटक नव्हे, तळहाताची थाप, खालच्या बाजूला, साधारण मूठ असते त्या उंचीवर.

"बाई."

त्या इमारतीत मला मिस म्हणणारी तीनशे मुलं होती. बाई म्हणणारी एकच होती.

परभणीकडच्या खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत ती जेमतेम पहिलीला बसली होती. शिकवणारी ती बाई, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा बाप इथं आधीपासून सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि रोगाच्या साथीत सगळं बंद झालं तेव्हा मायलेकी गावाकडेच अडकल्या. दोन वर्षांनी आल्या. पहिल्याच दिवशी मी तिच्याशी मराठीत बोलले तेव्हा तिनं माझी ओढणी धरली ती शाळा सुटेपर्यंत सोडली नाही. रोज सकाळी मी दिसले की ती लांबूनच ओरडायची, "बाई!" डोरीनला वाटायचं, पोरगी येताना 'बाय' म्हणते. ती तिला समजवायची, "येताना हाय म्हणायचं, इशी. जाताना बाय." मला गंमत वाटायची. मी डोरीनला खरं सांगितलं नाही. खरं कारण गंमत नव्हतंच. पुण्यात आठ वर्षं काढली होती मी, आणि तिथं बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. एवढ्या शिकलेल्या माझ्यासारखीला त्या शब्दाची लाज वाटत होती, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ सांगताना ती उघडी पडली असती.

"बाई… बाई…"

डोरीनची बोटं माझ्या दंडात रुतली. "कुणीतरी 'बाय' म्हणतंय," ती कुजबुजली. तिचा श्वास माझ्या गालावर लागत होता. "'बाय, बाय' म्हणतंय."

तिला काय वाटत होतं ते मला कळलं. बाहेर कुणीतरी आहे, आणि ते आम्हाला चिडवतंय.

पुन्हा थाप. "बाई, मी हाय."

"'बाय', आणि आता 'हाय'." डोरीन एकदम ताठ झाली. "शर्मिला, इशी तर नाही? ती हाय-बाय उलटंसुलटं करते. इशीचाच आवाज आहे का तो?"

मला उत्तर द्यायला फार तर तीन सेकंद होते. मी त्या तीन सेकंदांत सगळा विचार केला असं पुढं स्वतःला कित्येकदा सांगितलं. एकोणीस मुलं, नियम, पोलिसांचं म्हणणं. सगळं खोटं. मी एवढाच विचार केला की दार उघडलं तर तो बंदूकवाला आत येईल आणि मी दारापासून सगळ्यात जवळ बसले आहे. मला मरायचं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "तिचा आवाज नाही."

"पण लहान मूल आहे ते."

"डोरीन, नाही."

ती तरीही उठू लागली. एक हात जमिनीवर टेकवून, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर जोर देऊन. मी तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि तिला खाली ओढलं. तिनं माझ्याकडे बघितलं. भाषेतलं माणूस म्हणून तिचा माझ्यावर विश्वास होता. मुलं काय बोलतात ते मी तिला सांगायचं, आणि तिनं ते खरं धरायचं, असंच आमचं चाललं होतं. ती खाली बसली.

बाहेरचा आवाज आता हळू झाला होता. दाराला तोंड लावून बोलल्यासारखा. "बाई, उघडा ना. मी हाय. ईश्वरी हाय."

ईश्वरी हे नाव तिथं कुणी नीट उच्चारत नसे, म्हणून दाराआडून ते डोरीनला ओळखू आलं नाही. मला आलं.

मग ती पावलं गेली. या वेळी धावत नाही, चालत. मी ती मोजली. एकवीस पावलं मोजेपर्यंत ऐकू येत होती, नंतर नाही.

त्यानंतर पस्तीस मिनिटं आम्ही तसेच बसलो. मधे एकदा दूरवर फट्‌ असा आवाज झाला. गाडीचं दार असेल, फटाका असेल, काहीही असेल. मी कानांत बोटं घातली. बाहेर काही होत असेल तर ते मला ऐकायचं नव्हतं. मुलांसमोर, शिक्षिका असून, मी कानांत बोटं घालून डोळे मिटून बसले. मार्कसनं त्याचा छोटा गार हात माझ्या पायावर ठेवला होता आणि तो काढला नाही.

किल्ली फिरली तेव्हा डोरीननं सगळ्या मुलांना आपल्या पाठीमागं घेतलं. दारात हॅरल होते आणि त्यांच्यामागे एक पोलीस. अर्ध्या मैलावरच्या पेट्रोल पंपावर कुणीतरी पिस्तूल दाखवून पळालं होतं. दोन गल्ल्या सोडून सापडलं. शाळेच्या आवारात त्यानं पाऊलही टाकलं नव्हतं.

"सगळे ठीक?" हॅरल यांनी विचारलं.

"एक मूल नाही," डोरीन म्हणाली.

बाथरूम रिकामं होतं. नळ चालू राहिला होता. शेजारच्या सगळ्या वर्गांत विचारलं, कुठंच नव्हती. मग पोलिसानं हाक मारली. व्यायामाच्या हॉलजवळचं मागचं दार, जे आतून ढकललं की उघडतं, ते फटीएवढं उघडं होतं. बाहेर नोव्हेंबरची थंडी होती. अंगणातलं गवत दहिवरानं पांढरं पडलं होतं. तिचं जॅकेट वर्गातल्या खुंटीवर लटकत होतं, गुलाबी, कोपरावर माशाचं ठिगळ लावलेलं.

मला पहिल्यांदा वाटलं, घरी गेली. घर मोठ्या रस्त्यापलीकडे, चार पदरी रस्ता. हॅरल यांनी माझ्या हातात फोन दिला आणि म्हणाले, "आईशी तुम्हीच बोला."

"संगीताताई, मी शाळेतून बोलतेय. ईश्वरी घरी आली का?"

"न्हाई बाई. आता कशी यील? शाळा सुटली का?" ती एकदम थांबली. "काय झालं? त्या पोलिसाच्या गाड्या कशाला वाजत हुत्या मगाधरनं?"

मी सांगितलं की ती सापडत नाहीये. मग फोन खाली पडल्याचा आवाज, आणि चपला न घालता जिन्यावरून उतरणाऱ्या पायांचा आवाज. फोन चालूच राहिला होता.

आम्ही मैदानात पसरलो. मी हाका मारत होते, "ईश्वरी! ईश्वरी!" त्या पोलिसाला दहिवरात छोटी पावलं दिसली. मैदानाच्या टोकाला पत्र्याची एक खोली होती, चेंडू आणि जाळी ठेवायची. पावलं तिकडं गेली होती. त्यानं दार उघडलं आणि आतून अशी किंकाळी आली की तो दोन पावलं मागे सरला.

"भाषेवाल्या बाईंना बोलवा," तो ओरडला.

मी पळत गेले. ती सगळ्यात आतल्या कोपऱ्यात बसली होती, चेंडूंच्या जाळीमागे. फ्रॉकचा गळा नाकापर्यंत वर ओढून धरला होता. ओठ दिसत नव्हते, पण हनुवटी थडथडत होती ते कापडाआडून दिसत होतं. जिवंत होती. मला वाटलं मी तिथंच बसेन.

"ईश्वरी, ये बाळा. चल. गेला तो माणूस."

"बाई, जवळ येऊ नका." तिनं हात पुढं करून मला अडवलं. "थितंच थांबा. मला झालंय."

"काय झालंय? कुठं लागलंय?"

"न्हाई, लागलं न्हाई. ते झालंय. लॉकडाऊनचं."

मला काहीच कळेना. मी आत एक पाऊल टाकलं तशी ती भिंतीला आणखी चिकटली.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. मीच वळखलं." तिचे दात वाजत होते, पण ती समजावून सांगत होती. मला काहीतरी कळत नाहीये आणि मोठ्या माणसाला ते सांगावं लागतंय, अशा आवाजात. "मायकातून लॉकडाऊन म्हणले. समदे आत गेले. मला घेतलं न्हाई. मी दार वाजिवलं, बाईंना हाक मारली, तरीबी उघडलं न्हाई. म्हंजे मलाच झालंय ना?"

मी टाकलेलं पाऊल मागं घेतलं.

"आबालाबी असंच झालं हुतं," ती म्हणाली. "आबा पुण्याहून आले. चालत. रातच्याला दार वाजिवलं. म्हणले, मी हाय, उघडा. मी खिडकीतून बगितलं, आबाच हुते. आज्जीनं उघडलं न्हाई. आतूनच म्हणली, शाळंत जाऊन ऱ्हावा. मग आबा शाळंत गेले. थितं कुणी जवळ जायचं न्हाई. लांबनं भाकर ठिवायची."

"मग?"

"मग गाडी आली. निळ्या कपड्यावाले आले." तिनं नाकावरचं कापड घट्ट केलं. "आज्जी लई रडली. पण ती म्हणली, लॉकडाऊनमधी दार उघडायचं नसतंय. माया न्हाई म्हणून न्हाई, पण उघडायचं नसतंय. तुमचंबी तसंच असंल ना, बाई? मला राग न्हाई आला."

ती घरी गेली नव्हती कारण घरी आई होती. तिला आईला ते लावायचं नव्हतं. म्हणून थंडीत, स्वतःहून, ती माणसांपासून लांब जाऊन बसली होती, आणि गाडीची वाट बघत होती. आमच्या दारापासून इथवर ती एवढी सावकाश चालत का गेली ते मला तेव्हा कळलं.

माझ्यामागे डोरीन येऊन उभी राहिली होती, धापा टाकत, गुलाबी जॅकेट हातात घेऊन. तो पोलीसही होता, खिशातून छोटी वही काढलेला. "काय म्हणतेय ती?" डोरीननं विचारलं.

मी सांगितलं. तिला वाटलं तिला रोग झालाय. तिच्या देशात लॉकडाऊनचा अर्थ तो. तिनं दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, म्हणून तिला तसं वाटलं. तिच्या आजोबांचं सांगितलं. तिचं सगळं बोलणं मी नीट, क्रमानं इंग्रजीत आणलं. फक्त तीन शब्द आणले नाहीत. बाईंना हाक मारली.

"म्हणजे तीच होती," डोरीन म्हणाली. तिचा चेहरा विस्कटला. "देवा. तीच होती दारावर. मी उठत होते."

"आपल्याला कळलं नाही," मी म्हणाले. 'आपल्याला' म्हणाले.

पोलिसानं ते लिहून घेतलं. दाराबाहेर कोण आहे हे खोलीतल्या शिक्षकांना ओळखता आलं नाही. त्यानं मला वाचून दाखवलं आणि मी मान हलवली. ते वाक्य अजूनही कुठल्यातरी कपाटात असेल.

डोरीन मला बाजूला सारून आत गेली. ईश्वरी ओरडत राहिली, "नका, नका येऊ," पण डोरीनला मराठी येत नव्हती. ती चेंडूंवरून अडखळत गेली, त्या गुडघ्यांवर खाली बसली आणि पोरीला जॅकेटमध्ये गुंडाळून छातीशी धरलं. ईश्वरीनं तोंड फिरवून श्वास रोखला, डोरीनला लागू नये म्हणून. किती वेळ रोखणार? शेवटी ती मोठ्यानं रडली, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तसं.

तेवढ्यात संगीता आली. मोठा रस्ता ओलांडून, कुंपणाच्या फाटकातून, अनवाणी. साडीचा पदर एका हातात गोळा केलेला. मी असा धावता माणूस त्याआधी बघितला नव्हता. तिनं डोरीनच्या हातातून पोरगी घेतली आणि तिचं डोकं, कान, हात, पोट सगळं चाचपून बघितलं. मग तिथंच मातीत बसली.

"कुठं गेलती ग? कुठं गेलती?"

"आई, तुला लागंल," ईश्वरी म्हणत होती. "मला झालंय."

"काय बी झालं न्हाई तुला. काय बी न्हाई."

"मग बाईंनी दार का न्हाई उघडलं?" ईश्वरी म्हणाली. "मी बाई बाई म्हणून लई हाका मारल्या. माझं नावबी सांगितलं."

संगीतानं मान वर केली. तिचे पाय दगडांनी कापले होते, रक्त येत होतं, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे रागानं बघत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं.

"आत तुमी हुता का, बाई?"

"होते."

"आवाज वळखू नसंल आला. दार जाडजूड असतंय ह्यांचं." ती स्वतःच माझ्यासाठी उत्तर शोधत होती. "गडबडीत न्हाई कळत माणसाला. न्हाई का?"

पोलीस वही मिटत होता. हॅरल फोनवर कुणाला तरी सांगत होते की मूल सुखरूप आहे. डोरीन जमिनीवरच बसून डोळे पुसत होती. त्या सगळ्या मैदानात हे बोलणं कळणाऱ्या आम्ही तिघीच होतो, आणि त्यातली एक सात वर्षांची होती. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. संगीतानं तो 'हो' माझ्या हातात आणून ठेवला होता. मला पुन्हा तशीच भीती वाटली, कोपऱ्यात बसले होते तेव्हासारखी.

"आला होता," मी म्हणाले. "पहिल्याच हाकेला ओळखला होता. मी घाबरले, म्हणून उघडलं नाही. ह्या उघडायला उठल्या होत्या, त्यांना मीच धरून बसवलं. हिचा आवाज नाही म्हणून सांगितलं."

संगीता बघत राहिली. तिनं शिवी दिली असती, हात उचलला असता तर बरं झालं असतं. तिनं फक्त ईश्वरीचं तोंड आपल्या खांद्यात फिरवून घेतलं, माझ्याकडे पाठ होईल असं.

"काय विचारलं तिनं?" डोरीन म्हणाली. "शर्मिला? काय म्हणालीस तू तिला?"

मी पोलिसाला वही पुन्हा उघडायला सांगितली, आणि मग डोरीनला तेच सगळं इंग्रजीत सांगितलं.